नऊ नंबरचा परिच्छेद

टाइप करणाऱ्या काकांची बोटं मध्येच हवेत थांबली की बहुतेक माझं काहीतरी चुकलेलं असतं.

परवा कोर्टाच्या व्हरांड्यात तसंच झालं. माझ्या अशील सुमनबाईंना दिराने घराबाहेर काढू नये म्हणून आम्ही मनाईचा अर्ज केला होता. त्यावर दिराने दिलेलं लेखी म्हणणं माझ्या हातात होतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच सुनावणी होती. बाईंना त्यात काय काय म्हटलं होतं! मी संतापून प्रत्युत्तर सांगत सुटले. परिच्छेद सात खोटा व नाकबूल. आठ खोटा व नाकबूल. नऊ...

बोटं थांबली. "मॅडम, नऊसुद्धा?"

"अहो काका, सगळंच नाकबूल. वेळ नाहीये."

"एकदा वाचा तरी."

वाचलं. 'अर्जदार आजही त्याच घरात राहून आम्हाला छळते.' बाई त्या घरात राहतात, हेच दाखवायला मी तीन आठवडे कागद गोळा करत होते. दिराने ते रागाच्या भरात स्वतःच लिहून दिलं होतं, आणि मी ते खोडायला निघाले होते.

घरीही मी अशीच भांडते. नवरा म्हणतो, "तुझं बरोबर आहे, पण..." त्यातला 'पण' तेवढा मला ऐकू येतो.

"राहते, एवढं कबूल," मी म्हटलं. "छळते, हे नाकबूल."

बोटं पुन्हा धावू लागली. समोरच्या बाकावर सुमनबाई घराची किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्या माझ्याकडे विश्वासाने बघत राहिल्या, आणि मला वर बघवेना.