बुढी की सासूबाई

निबंध कॉलेजला पाठवून झाला आणि मग मी तो नीट वाचला. आधीही चारदा वाचला होता, पण तेव्हा डोळ्यांना सगळं बरोबरच दिसत होतं. मोताळ्याच्या ऑनलाइनवाल्या पोरानं पानं स्कॅन करून धाडली, "झालं वहिनी, आता याच्यात काही बदलत नसते," म्हणाला. मी जीपमध्ये येऊन बसले आणि मोबाइलमधला फोटो उघडला. पहिलीच ओळ होती, 'मला माझे शिक्षन पूर्ण करायचे आहे.'

शिक्षन. बाणाचा ण हवा, तिथं नळाचा न.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन वं, काय झालं?" मी मोबाइल उलटा धरला. शिकायचंय म्हणून दोन पानं लिहिली आणि तोच शब्द चुकला.

कॉलेज पुण्याचं. अर्ध्यात शाळा सुटलेल्या बायांना घरबसल्या शिकवतं, पार पदवीपर्यंत नेतं. जागा थोड्या. मार्कशीट मागत नाहीत, निबंधावरून निवडतात. मी नववीत शाळा सोडली, तिकडं सांगलीकडं, आई अंथरुणाला खिळली तेव्हा. मग लग्न होऊन इतक्या लांब, मोताळ्याकडं आले. त्या कॉलेजला दाखवायला माझ्याजवळ ती दोन पानंच होती.

घराजवळ आल्यावर दुसऱ्या पानावरची ओळ दिसली आणि पहिली चूक बरी वाटायला लागली. 'माझ्या बुढीमुळे मी हा अर्ज करत आहे.'

इकडे आईला बुढी म्हणतात. मायेनं म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्यानं दारातूनच त्याच्या आईला हाक मारली होती, "बुढे, च्या ठेव वं," आणि मी दचकले होते. आमच्याकडं आईला कुणी म्हातारी म्हटलं तर मुस्काट फुटेल. पुढं मीही सासूला बुढीच म्हणायला लागले. कधीपासून, ते आठवत नाही. तिला अक्षर येत नाही, अंगठा लावते. पण या कॉलेजचं तिनंच अंगणवाडीत ऐकलं आणि घरी येऊन माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "निंदन मी करतो. तू लिही," म्हणाली. इकडच्या बाया स्वतःला 'करतो', 'जातो' म्हणतात. निबंधात मला तिचेच आभार मानायचे होते. आता पुण्यात कुणीतरी वाचणार आणि म्हणणार, सासूला बुढी म्हणणारी ही बाई कशाला शिकायची?

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "पुण्याच्या मॅडमले वाटन, सून सासूले छळून राह्यली अन् वरून डिग्री मागून राह्यली."

"तुम्हाला मस्करी सुचतेय."

"मंग काय रडू? एका शब्दानं कोनी नापास होते का बे?" बे दोस्ताला म्हणतात, बायकोला नाही, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या वावरात निंदायला गेलो, बुढी आणि मी. मी हट्टानंच गेले, घरात जीव रमत नव्हता. एकच ओळ डोक्यात फिरत होती आणि तणाबरोबर मी सोयाबीनची दोन झाडंही उपटली. बांधावरच्या लिंबाखाली तेवढी रेंज येते. तिथं जाऊन कॉलेजला फोन लावला.

"बाई, पाठवलेला निबंध बदलता येत नाही," तिकडून मॅडम म्हणाल्या.

"एकच शब्द हो. बुढी लिहिलंय तिथं सासूबाई करा. पाया पडते तुमच्या. आणि जमलंच तर शिक्षणाचा ण."

"बरं, बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वळले तर बुढी मागं उभी. पाणी प्यायला आली होती.

"कोन सासूबाई?"

"तुम्ही."

"आतापर्यंत बुढी व्हती मी तुही. आज पुण्याले फोन करून सासूबाई केली?"

"अहो, तिकडच्या लोकांना तो शब्द वाईट वाटेल."

"त्यायले वाईट वाटन," ती म्हणाली. "अन् मले?"

पाणी न पिताच ती परत तासात, पिकाच्या ओळीत जाऊन बसली आणि माझ्याकडं पाठ करून निंदायला लागली. मला वाटलं, आता कॉलेजही गेलं आणि हीही गेली. ज्या बाईचे आभार मानायला लिहिलं, तिलाच मी फोनवर परकी करून टाकलं. मी तिथूनच पुन्हा नंबर लावला.

"मॅडम, मघाचीच बोलतेय. ते सासूबाई नका करू. बुढीच राहू द्या."

"अहो, मी काहीच केलेलं नाही. करता येतच नाही, सांगितलं ना?" मग म्हणाल्या, "बुढी म्हणजे कोण हो?"

"आई."

"मग तसं लिहायचं ना सरळ."

खरंच होतं ते. फोन ठेवला आणि तिच्या शेजारच्या तासात जाऊन बसले. खुरपं न थांबवता ती म्हणाली, "काय म्हने?"

"बुढीच राहिली."

"मंग झालं." तिनं पदराची गाठ सोडून भाकर काढली, अर्धी माझ्या हातात दिली. "अन् तुह्या शिक्षनाचं काय म्हने?"

तिनं न म्हटला, नळाचाच. हा न माझ्या हातात कुठून आला, ते मला तेव्हा कळलं.

"यादी लागल्यावर कळेल," मी म्हणाले.

यादी अजून लागलेली नाही. रोज निंदण झालं की लिंबाखाली जाते आणि रेंज येईपर्यंत मोबाइल वर धरून उभी राहते.