पडदेवाल्या काकूंचा हॉल

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे पडदेवाल्या काकू म्हणायचे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या घरीच पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे शिवत. निम्म्या बिल्डिंगच्या खिडक्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. काका पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये कामाला होते. मोटारींच्या घरघरीत उभं आयुष्य गेलं, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलत. पंपाने यांचे कान खाल्ले आणि यांनी माझं डोकं, असं काकू हसत हसत सांगायच्या.

काका रिटायर होऊन टीव्हीसमोर बसायला लागले आणि कुरकुर सुरू झाली. आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही म्हणायचे. आवाज वाढवत नेला तसा खालच्या मजल्यावरून निरोप आला. शेवटी काकूंनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हेडफोन लावून बारीकमोठ्या शिट्ट्या ऐकवल्या, आणि वयाच्या मानाने कान ठणठणीत निघाले. काकूंना इतका आनंद झाला की येताना त्यांनी पेढ्यांऐवजी भारीतलं पडद्याचं कापड घेतलं. कान चांगले, म्हणजे खोट टीव्हीत. परगावी असलेल्या मुलानेही फोनवर तेच सांगितलं. हल्लीचे टीव्ही नको इतके चपटे, त्यांचे स्पीकर मागे तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि शब्द पुसट होतात. वेगळे स्पीकर लावून घ्या म्हणाला.

पण हॉलमध्ये काळी खोकी आणि लोंबत्या वायरी काकूंना चालणार नव्हत्या. आयुष्यभर लोकांच्या घरातली अडगळ झाकण्यात गेलेली बाई ती. त्यांनी साउंडवाल्याला बोलावलं आणि आवाज हवा पण वस्तू दिसायला नको, असं पहिल्याच वाक्यात बजावलं. त्याने उपाय सुचवला. टीव्हीच्या भिंतीपुढे प्लायची पोकळ भिंत उभी करायची, स्पीकर आत बसवायचे, वायरी आतूनच न्यायच्या. दोन स्पीकर दोन बाजूंना आणि एक बरोबर टीव्हीखाली. माणसांचं बोलणं मुख्यतः त्या मधल्यातून येतं, असं तो म्हणाला आणि काकूंचा सगळा जीव त्या मधल्यात अडकला.

मग काकूंचे दिवस त्यातच जायला लागले. बाजूचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवेत, म्हणून त्यांनी काकांना सोफ्यावर बसवून जमिनीपासून कानापर्यंत टेप धरली. काका ताठ बसून म्हणाले, "कोट शिवतेयस का कानाला?" दोघंही पोट धरून हसली. मधला स्पीकर खाली येत होता, म्हणून तो किंचित वर तोंड करून बसवायचं ठरलं. सोफा मागच्या भिंतीपासून पुढे ओढला. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून पोकळीत कापसासारख्या जाड गाद्या भरायच्या ठरल्या. स्पीकरवर जाळी नको, कापड हवं, असं काकूंचं म्हणणं. कापडातून फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल, असं साउंडवाला म्हणाला. काकू कापडाच्या दुकानात उभ्या राहून ठाणामागून ठाण तोंडाशी धरून फुंकत होत्या आणि दुकानदार तोंड फिरवून हसत होता. भारीतलं आणलेलं कापड त्यात नापास झालं. अखेर भिंतीच्या रंगाचं एक विरळ कापड मिळालं. ते त्यांनी चौकटींवर इतकं सफाईने ताणून बसवलं की स्पीकर कुठे आहेत ते हात लावल्याशिवाय कळू नये.

काम झालं त्या संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं शेजारी बघायला गेलो होतो. बातम्या लागल्या. आवाज असा स्वच्छ, की बोलणाऱ्याने श्वास घेतलेलाही ऐकू यावा. काकू टीव्हीकडे नाही, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काकांनी बराच वेळ मान तिरकी करून ऐकलं.

"आवाज छान आलाय," ते म्हणाले. "पण ही माणसं बोलताहेत कुठल्या भाषेत?"

आम्हाला वाटलं चेष्टा आहे. एकजण हसलासुद्धा. काकू हसल्या नाहीत.

या वेळी डॉक्टर मेंदूचे होते. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, चित्रं दाखवून नावं विचारली. घड्याळाला काका "ते गोल" म्हणाले आणि कात्रीला "तुझं ते." डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की कान ऐकतात, पण डोक्याला शब्द उमगेनासे झालेत, आणि हे वाढतच जाणार. औषध काय, असं काकूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांभाळायचं."

त्या सांभाळायला लागल्या. पण पुढे जे झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. काकांना भिंतीत माणसं असल्याचा भास व्हायला लागला. टीव्ही लावला की ते उठून भिंतीला कान लावत, कापडावर हात फिरवत, आतल्यांना दरडावून बाहेर यायला सांगत. दिसत काहीच नसे. काकूंनी दिसण्यासारखं ठेवलंच नव्हतं. एकदा त्या अंघोळीला गेल्या असताना काकांनी मधल्या चौकटीचं कापड स्वयंपाकघरातल्या सुरीने फाडलं आणि आत हात घालून ओढाताण केली. बोटांचं रक्त प्लायवर ओघळलं होतं. काकूंनी पट्टी बांधली आणि त्याच दिवशी टीव्ही बंद केला, तो कायमचा.

तरी काका भिंतीशी जातच राहिले, तेव्हा मुलगा रजा काढून आला. त्याने साउंडवाल्याला बोलावून सगळं उपसायला लावलं. स्पीकर, वायरी, गाद्या, शेवटी प्लायसुद्धा; त्याच्याबरोबर मागच्या भिंतीचा गिलावाही निघाला. काका खुर्चीवर बसून बघत होते आणि प्रत्येक वस्तू दाराबाहेर गेली की समाधानाने मान हलवत होते. मुलाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका उघड्या विटांना कान लावून उभे होते.

"आई, मी बाबांना तिकडे एखाद्या संस्थेत ठेवतो," मुलगा म्हणाला.

"तिथे भिंती नसतात का?" काकू म्हणाल्या. तो एकटाच परत गेला.

काकूंनी शिवणकाम सोडलं. मशीनचा आवाज आला की काका बिथरत. घरात बोलणंही कमी कमी होत गेलं, कारण बोलून पोचत नव्हतं. जेवायला मात्र त्या पूर्वीसारखीच हाक मारायच्या, "अहो, या." तेवढी हाक त्यांना अजून कळायची. शब्द नाही, सूर कळत असावा.

मी एकदा दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. काका लगबगीने उठले आणि भिंतीशी जाऊन "आलो, आलो" म्हणत विटा चाचपायला लागले. काकू हात पुसत बाहेर आल्या, काकांच्या आणि भिंतीच्या मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी इथे आहे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने ते म्हणाले, "बाई, जरा सरकता का? आमच्या घरातून बोलावताहेत."

काकू सरकल्या.