भिंगवाला आणि पितळवाल्या मावशीचा डॉलर

डोळ्याला भिंग लावलं की माणूस खरं बोलायला लागतो, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

आमच्या गल्लीतल्या पितळवाल्या मावशीनं एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं दारांच्या मुठी आणि जिन्याचे कठडे घासले. काळवंडलेला धातू दिसला की तिचे हात शिवशिवतात. एका म्हाताऱ्या कॅनेडियन पाहुण्यानं जाताना तिला त्याच्या देशाचं एक डॉलरचं नाणं दिलं होतं. साल १९५२, एकीकडे राजा, दुसरीकडे होडी वल्हवणारे दोघं.

यंदा मावशीचे खालचे दात गेले. पाव भिजवून गिळायची वेळ आली. कवळीला थोडे पैसे कमी पडत होते, म्हणून नाणं बाहेर निघालं. आणि जुनी नाणी घेणाऱ्याकडे नेण्याआधी बाईनं ते पॉलिश लावून आरशासारखं लख्ख केलं!

दुकानदारानं भिंग लावलं नि कपाळावर हात मारला. "आजी, घासलंत? वाट लावलीत!"

"मग काय, काळ्या तोंडाचं आणू?"

"शौकीन लोक त्या काळेपणाचेच पैसे देतात हो. आता हा नुसता एक डॉलर. दोन कॉफ्या येतील. द्या, तुमच्याकडे बघून घेतो."

हे 'तुमच्याकडे बघून' मी पुरतं ओळखतो. शौकिनांचं खरं होतं, पुढची शुद्ध लबाडी. त्या काळी तिकडचा डॉलर चांदीचा असायचा, हे या पंडिताला ठाऊक नव्हतं होय?

मावशीनं नाणं तळहातावर दोनदा उडवलं. "घासून रंग जातो रे, वजन नाही. तीस वर्षांत एक मूठ झिजून संपली नाही माझ्या हातून. चालले सोनाराकडे."

समोरच्या सोनारानं कस लावला, काट्यावर ठेवलं. तेवीस ग्रॅमच्या वर, ऐंशी टक्के चांदी. दोन कॉफ्यांच्या कितीतरी पट! भिंगवाला दारात येऊन ओरडला, "आजी, मी जास्त देतो!"

"आधी भिंग पूस!" मावशी बोळक्या तोंडानं खदखदली.

आता कवळी बसलीय आणि शब्द आणखी धारदार निघतात. तुमच्या घरी असलं नाणं असेल तर घासू नका. घासून बसला असाल तर लाजू नका. पण कुणा शहाण्याच्या हातात द्यायच्या आधी, हात जोडून सांगतो, त्याचं वजन करून घ्या.