खंडेनवमीला गेलेलं पोर्ट

"पोर्ट जळलंय. कार्ड बदला," पुण्याहून स्टोरेज कंपनीचा माणूस मला फोनवर सांगत होता. पोर्ट ज्यावर बसवलेलं असतं ते कार्ड बदलायचं तर स्टोरेज अर्धा दिवस बंद ठेवावं लागणार. आणि स्टोरेज बंद, तर कागलकडच्या त्या साखर कारखान्यात ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या निघणं बंद. हंगाम सुरू व्हायला दोन दिवस होते.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ते स्टोरेज मीच बसवलं होतं, म्हणून दुरुस्तीलाही मीच आलो होतो. स्टोरेज म्हणजे फ्रिजएवढं कपाट, आत ओळीने हार्ड डिस्क. सगळ्या सभासदांच्या ऊसनोंदी तिथे. तिथून सर्व्हरकडे काचेच्या तंतूच्या दोन केबल जातात, त्यांतून माहिती प्रकाशाच्या रूपात धावते. केबल जिथे खोचतात ते पोर्ट. एक गेलं तरी दुसऱ्यावर काम चालावं म्हणून दोन. त्यातलं एक गेलं होतं; दुसरंही गेलं, तर ऐन हंगामात सगळं ठप्प.

एमडी साहेब स्टोरेजच्या खोलीच्या दारातच उभे होते. "कुणाच्या हातनं झालंय ते सांगा. आजच घरी बसवतो."

बोलताना बघत होते जाधवमामांकडे. मामा तिथले ऑपरेटर. रिटायर व्हायला पाच महिने राहिलेले, आणि खोलीची किल्ली एकट्या त्यांच्याकडे.

"आधी काय झालंय ते कळू दे, साहेब," मी म्हणालो. साहेब केबिनमध्ये गेले.

बॅगेतली नवी केबल लावली. पोर्टचा हिरवा दिवा लागला, लुकलुकला, विझला. इथे माझं कुतूहल जागं झालं. पार जळलेलं पोर्ट एवढंही करत नाही.

मग लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. कनेक्शन तुटलं खंडेनवमीला, सकाळी सव्वादहाला. तासाभराने जोडलं गेलं आणि तेव्हापासून नुसत्या चुका. जळणारं पोर्ट मुहूर्त बघत नाही.

काढलेल्या जुन्या केबलचं टोक भिंगाखाली धरलं. केसाएवढ्या तंतूवर लाल कण होते.

"मामा, हे काय?"

"कुंकू," मामा सरळ म्हणाले. "नवमीला हत्यार चालवत न्हाईत. फिटरलोकांनी पाने-हातोडे पुजले, मग आमचं हत्यार कुठलं? सगळं बंद करता येईना. म्हणून दोनातली एक वायर तासभर काढली, टोकाला हळदकुंकू लावलं, परत खोचली. एकीवर काम थांबत न्हाई, हे तुम्हीच सांगितलं हुतं की."

सांगितलं होतं खरं. टोकाला बोटही लावू नका, हे मात्र सांगायचं राहिलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

खोचलेल्या केबलबरोबर कुंकू पोर्टातही गेलं होतं, म्हणून नवी केबलही चालेना. स्पिरिट लावलेल्या बारीक काडीने पोर्ट पुसलं, नव्या केबलचं टोकही पुसून खोचलं. दिवा लागला. दहा मिनिटं बघत बसलो, विझला नाही. कार्ड बदलायची गरजच उरली नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये मी तोंड उघडायच्या आतच मामा बोलले, "माझ्या हातनं झालंय, साहेब. पूजा केलती."

साहेब काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या कीबोर्डवर गेली. एंटरच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. ते नवमीला त्यांनीच लावलं होतं.

"रिपोर्टात काय लिहिणार?" त्यांनी मला विचारलं.

"पोर्टात कचरा होता, साफ केला."

"तेवढंच लिहा."

मामा मार्चमध्ये हार-नारळ घेऊन रिटायर झाले. तेव्हापासून मी कुठेही स्टोरेज बसवलं, की एक बाद झालेली केबल कपाटावर ठेवून येतो. तिच्यावर चिठ्ठी असते, 'फक्त पूजेसाठी'.