वरच्या पाड्याला वाट देणारे पाळकसाहेब

पाळकसाहेब शिमोन गावित यांची आणि माझी पहिली भेट भर पावसात, आमच्या उपकेंद्राच्या पायरीवर झाली. खांडबाऱ्याच्या बाजूला असलेल्या या उपकेंद्रात परिचारिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. दुपारी डोंगराकडून चार माणसे बांबूला बांधलेली झोळी खांद्यावर घेऊन येताना दिसली. पुढच्या टोकाला साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. पांढरा सदरा चिखलाने माखलेला, एका पायातली चप्पल कुठेतरी वाहून गेलेली. झोळीत वेणांनी अर्धमेली झालेली रमिला होती. मी त्या गृहस्थांना नाव विचारले, तर म्हणाले, "सिस्टर, आधी हिला बघा. ओळख मागाहून करू."

रमिला वाचली. तिचे बाळ मात्र वाटेतच गेले होते. वरच्या पाड्यावरून खाली यायला एक पायवाट तेवढी होती आणि पावसाळ्यात तीही धड राहत नसे. पाळकसाहेब पायथ्याशी एका आजाऱ्याला भेटायला गेले होते. झोळी वाहणाऱ्यांत एक माणूस कमी पडलेला पाहून त्यांनी बांबू खांद्यावर घेतला होता.

त्या रविवारी त्यांनी मला उपासनेला बोलावले. मी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतली नव्हे, माझ्या घरी देव्हारा आहे, हे मी सांगितले. ते हसून म्हणाले, "तुम्ही जे पाहिलं ते लोकांना सांगा, एवढंच. बाकी तुमचं तुमच्यापाशी." मी उभी राहून सांगितले. मग त्यांनी त्या दिवशीचे प्रवचन गुंडाळून ठेवले आणि सगळ्यांना बाहेर अंगणात नेले. प्रार्थनामंदिराला कुंपण घालण्यासाठी मंडळीने नदीतून दगड आणून तिथे मोठी रास केली होती. "हे दगड वरच्या वाटेला लावू," ते म्हणाले. "कुंपण थांबेल. पाऊस सरला की दर रविवारी उपासना झाल्यावर आपण कुदळ घेऊन वर जायचं."

मंडळीतले ज्येष्ठ दानियेलदादा यांना ते पटले नाही. "पाळकसाहेब, त्या पाड्यावर आपल्या मंडळीचं एकही घर नाही."

"बाळ गेलं ते कोणत्या मंडळीचं होतं, दादा?" पाळकसाहेबांनी शांतपणे विचारले. कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांत मोठी पहार दानियेलदादांच्याच खांद्यावर होती, हेही इथे सांगायला हवे.

सेवा करायची म्हणजे काय, हे मी त्या हिवाळ्यात पाहिले. पाळकसाहेबांनी ग्रामपंचायतीचा ठराव आधीच घेतला होता. कामाला निघताना त्यांनी मंडळीला बजावले, "वर कोणाला उपदेश करायचा नाही. प्रार्थना करायची ती मनात. ते लोक पाणी देतील ते प्यायचं आणि काम करायचं." तरीही पहिल्याच रविवारी पाड्याचे कारभारी होन्याबाबा वाटेत आडवे उभे राहिले. ते रमिलाचे सासरे.

"आज वाट करता," होन्याबाबा म्हणाले, "उद्या आमचा देव उठवाल."

खरोखरच आखलेली वाट वाघदेवाच्या ठाण्यावरूनच जात होती. शेंदूर लावलेले ते लाकूड दोन माणसांनी सहज बाजूला ठेवले असते आणि सरळ, सोपा चढ मिळाला असता. पाळकसाहेब ठाण्यापासून लांब उभे राहिले, चप्पल काढली आणि म्हणाले, "बाबा, तुमचा देव जिथं आहे तिथंच राहील. आम्ही वाट वळवतो."

वळवायची म्हणजे काळा खडक फोडायचा. पोरांचे चेहरे पडले, पण कोणी माघारी फिरले नाही. बायकांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा वर आणला, मीही घमेली उचलली. सोलून निघालेल्या तळहातांना मलम लावायचे काम तर माझ्याकडेच होते. पाळकसाहेबांचे हात पाहून मी त्यांना सावलीत बसायला सांगितले. "बसतो, सिस्टर," असे ते दर वेळी म्हणाले आणि दर वेळी उठले. त्यांचा हा हट्टी स्वभाव आमच्या मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जन्मभर कसा सोसला असेल, हे त्याच जाणोत.

दोन-तीन रविवार होन्याबाबा खडकावर बसून नुसते पाहत राहिले. मग एका सकाळी आम्ही चढून गेलो, तर वरून घण पडल्याचा आवाज येत होता. पाड्याची माणसे दुसऱ्या बाजूने खडक फोडत होती आणि होन्याबाबा पुढे होते. पाळकसाहेबांनी घामाने भिजलेला आपला रुमाल डोक्याला बांधला आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे होळीला परतली, तीही कामाला लागली. ओढ्यावर कुंपणासाठी आणलेल्या त्याच दगडांची फरशी बसली आणि पाऊस लागायच्या आत वाट पाड्यापर्यंत पोहोचली.

तिची परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. रमिलाला पुन्हा दिवस गेले होते आणि मुसळधार पावसात तिला कळा सुरू झाल्या. मी ॲम्ब्युलन्समध्ये चालकाशेजारी बसले होते. तो नंदुरबारकडचा. चढ पाहून त्याने गाडी थांबवली. "सिस्टर, मन्हा जीव घाबरी ऱ्हायना. गाडी वर जाई का?" तेवढ्यात निरोप कळून पायथ्याशी भिजत उभे असलेले पाळकसाहेब पुढे आले. "चला भाऊ," ते म्हणाले आणि गाडीपुढे चालू लागले. ओढ्यावर पाणी चढले होते, पण दगड हलले नाहीत. वाघदेवाच्या वळणावर चाक क्षणभर घसरले. मदतीला जमलेली मंडळीची आणि पाड्याची माणसे दोन्ही बाजूंनी गाडीला भिडली. गाडी वर गेली आणि एरवी कधीही आवाज न चढवणारे आमचे पाळकसाहेब पावसात दोन्ही हात उंचावून ओरडले, "चढली! चढली!"

चालक खाली उतरून म्हणाला, "हाऊ रस्ता कोनी करा?"

"आम्ही," होन्याबाबा म्हणाले. त्या 'आम्ही'त कोण कोण आले, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजले.

रमिलाला त्याच दिवशी रुग्णालयात मुलगी झाली. निरोप आला तेव्हा पाड्यावर होळीचे ढोल काढले गेले. मुलगी आता शाळेत जाते, त्याच वाटेने. वादळात प्रार्थनामंदिराचे पत्रे उडाले, तेव्हा ते बसवायला सर्वांत आधी वरच्या पाड्याची माणसे आली होती.

माझ्यावरचे पाळकसाहेबांचे उपकार मी किती सांगू? मी इथे एकटी राहत होते, माझी मुलगी लहान होती. अवेळी बोलावणे आले की मी तिला मार्थाबाईंकडे सोडत असे. एकदा मी संकोचाने माफी मागितली, तर पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला निघालात. तुमचं लेकरू आम्ही सांभाळू नये?" आज ती माहेरी म्हणून त्यांच्याच घरी आधी जाते.

मंडळीच्या पाळकपदावरून ते केव्हाच निवृत्त झाले. कामावरून मात्र नाही. नदीपलीकडच्या पाड्याने यंदा वाटेसाठी हाक दिली आहे आणि पाहणीला सर्वांत आधी जाऊन आले ते हेच.

पाळकसाहेब, पंच्याहत्तरीच्या या दिवशी तुमची ही सिस्टर तुमच्यासाठी देव्हाऱ्यापुढे हात जोडते, मंडळी गुडघे टेकते आणि होन्याबाबांनी त्यांच्या देवाला सांगून ठेवले आहे. इतक्या जणांनी मागितलेले आयुष्य तुम्हाला मिळणारच. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, चढावर दम खात चाला, पण चालत राहा. तुम्ही पुढे व्हा. आम्ही घमेली घेऊन तुमच्या मागे आहोत.