थापटलं की सोडायचं

“आजी, चप्पल! मॅटवर चप्पल चालत नाही!”

“आधी पोरीचा हात सोड, मंग काढीन चप्पल!”

प्रताप नगरच्या कराटे सरांनी माझ्या नातीला, जुईला, पालथं पाडून तिचा हात पाठीवर पिळून धरला होता आणि मी मॅटच्या मधोमध उभी! माझी सून वर्षा दारातून ओरडत होती, “आई, बाहेर या नं, सगळे पाहून राहिले!”

पाहू दे की. हे भांडण कसं संपलं ते सांगतेच, पण त्याआधी बरंच घडलं. मास्तर शोधायला निघालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चाललं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे ते आपोआप येतात!

*

मी स्वतः लाठी शिकले ती कुणाच्या बापाकडून नाही. कपडे वाळत घालायची काठी आणि सक्करदऱ्याचं आमचं अंगण, बस्स! तुळशीची कुंडी फुटली, ट्यूबलाइट फुटली, एकदा ह्यांचा चष्मा फुटला.

“हे कोणत्या गुरूनं शिकवलं वं?” ह्यांनी विचारलं.

“कोणीच नाही!”

“तरीच!”

*

जुईचं वेगळं. तिच्या ट्यूशनच्या रस्त्यावर एक पोट्टा सायकलीला गाडी आडवी लावायचा, हँडल धरून ठेवायचा. ही म्हणे ‘सोड’, तो दात काढे. मी एकदा काठी दाखवली, तर आता मला पाहिलं की गल्ली बदलतो. पण मी काय जन्मभर हिच्या कॅरिअरवर बसून जाऊ? पोरीचं पोरीलाच जमायला हवं. म्हणून क्लास.

*

पहिले सर घराजवळचेच. मैदानात प्रात्यक्षिक होतं. कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची, चळत, वरून सरांची आरोळी, एक फटका आणि चुरा! टाळ्याच टाळ्या. मी जवळ जाऊन एक तुकडा उचलला. बिस्किटासारखा हातातच मोडला.

मी घरी गेले, न्हाणीवरचा एक कवेलू काढला, पदरानं पुसला आणि सरांपुढे ठेवला. “हा फोडा.”

सरांनी कवेलू उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, “आजी, आज माझा गुरुवार आहे.”

उपासाला कवेलू चालत नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं!

*

मग सापडल्या बुद्धविहारामागच्या हॉलमधल्या ज्युडोच्या मॅडम. बुटक्या, आवाज मात्र कंडक्टरचा. मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, “चाकू घेऊन माणूस आला तं काय करायचं?” आधीच्या सरांनी याच प्रश्नावर मला हवेत लाथा मारून दाखवल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, “पळायचं.”

“अन् पळता नाही आलं तं?”

“म्हणून तं रोज धावाले लावतो!”

तिथला कायदा एकच. दुखलं की हातानं मॅट थापटायची, आणि थापटलं की समोरच्यानं सोडायचं, तिथल्या तिथं. एका दणकट पोट्टीनं खुद्द मॅडमला दाबून धरलं, तर मॅडमनीही सगळ्यांसमोर, जुईच्याही देखत, मॅट थापटली!

मी विचारलं, “लाज नाही वाटत, शिष्येसमोर?”

“कायची लाज? बाकीच्या वेळी मीच आपटतो ना तिले!”

*

पण वर्षाला तिथला पंखा आवडला नाही. “आई, प्रताप नगरात एसी आहे! अन् सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट!”

“सहा महिन्यांत तं हातावर मांडे लांबवाले येत नाही वं, ब्लॅक बेल्ट काय येते!”

माझं कोण ऐकतं? जुई तिकडे जाऊ लागली. दार कायम बंद, पालकांना प्रवेश नाही.

सर म्हणाले, “आजी, सिक्रेट टेक्निक असते.”

“हॉलभर पोट्ट्यांले शिकवून राहिले, अन् सिक्रेट कायचं?”

जुई मात्र घरी आली की तडक स्वयंपाकघरात. मनगटाला आपणच हळद लावायची आणि विचारलं की म्हणायची, “काही नाही आजी, मीच कच्ची आहे.” माझ्या घरातली पोरगी आणि कच्ची?

*

शेवटी तो एसीच आमच्या कामी आला. एक दिवस बंद पडला, म्हणून दार उघडं. आत जुई पालथी पडलेली, मोकळ्या हातानं मॅट थापटतेय, थापटतेय, आणि सर तिचा दुसरा हात पिळतच आहेत! चप्पल काढायचं भान कुणाला?

मी अगदी पुढ्यात गेले तेव्हा त्यांनी हात सोडला. “आजी, दुश्मन काय थापटलं म्हणून सोडतो? थोडं सहन करू द्या, मजबूत होईल.”

“सरांना कळतं नं, आई!” वर्षा म्हणाली.

जुई मनगट चोळत माझ्याकडे पाहत होती.

मी कबूल केल्याप्रमाणे चप्पल काढली. हातात घेतली आणि म्हणाले, “‘सोड’ म्हटलं तरी सोडत नाही, असा एक तं आमच्या रस्त्यावरच आहे, सर. दुसरा दाखवाले पोरीले इतक्या दूर कायले आणू? चाल वं जुई, आपल्याले त्या पंख्यावाल्या मॅडमच बऱ्या!”