ढाकुरियाचा स्लॅब आणि पन्नास माणसांची टाकी

ओव्हरसियरनं डायरीत मापं लिहायची असतात. किस्से न लिहिताच साठतात, आणि साइटवरच्या उरलेल्या विटांसारखे फेकायला जीव होत नाही. पन्नास सालानंतर कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींना दक्षिणेकडे प्लॉट घेऊन घर बांधायचं वेडच लागलं. तिकडे गटारं पोचली नव्हती, म्हणून घरोघरी सेप्टिक टँक आला. आणि आमच्यात ओव्हरसियर मी एकटा. फुकट सल्ला द्यायला!

*

बेहालाच्या लिमयांनी एकदा रागारागानं बोलावलं. टाकी तुंबली होती आणि गल्लीभर वास सुटला होता.

मी विचारलं, "टाकीत काय काय जातं?"

लिमयेकाकू अभिमानानं म्हणाल्या, "जायचं ते जातं. पण मी रोज दोन बाटल्या फिनेल ओतते हो! एक जंतू जिवंत असेल तर शपथ!"

"अहो काकू, टाकी त्या जंतूंच्याच जिवावर चालते! घाण तेच खातात. तुम्ही माझे सगळे कामगार मारून टाकलेत!"

टाकी उपसली. नवे जंतू यावेत म्हणून बादलीभर शेणकाला ओतायला सांगितला. काकूंनी पदर सावरत हळूच विचारलं, "गाईचंच लागतं, की म्हशीचं चालेल?"

*

पण खरा इरसाल माणूस म्हणजे बापूसाहेब देवधर. रेल्वेतून रिटायर झालेले, ढाकुरियाला प्लॉट घेऊन घर काढलेले. वैशाखाच्या शेवटी क्वार्टर रिकामी करायची होती, आणि तिथे येणारा नवा साहेबसुद्धा ठरला होता.

"अकरा क्वार्टर्समध्ये संसार केला, ओव्हरसियर," ते मला म्हणाले. "भिंतीला खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागायचा. आता आपल्या घरात राहायचंय!" त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही कसंतरीच झालं.

देवधरवहिनींनी लगेच बजावलं, "वास्तुशांत झाल्याशिवाय मी त्या घरात एक रात्रही झोपणार नाही, भाऊजी!" क्वार्टर सोडायच्या दिवशीचा सकाळचा मुहूर्त निघाला. आता घर त्या दिवशी तयार नसलं, तर देवधर रस्त्यावर!

*

टाकीचं माप काढायला मी विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," बापूसाहेब म्हणाले.

"चार कुठली?" वहिनी आतून कडाडल्या. "पुण्याहून बदली होऊन येणारा प्रत्येक जण आधी आपल्याकडेच उतरतो ना? पन्नास धरा!"

मी पुष्कळ समजावलं. ऐकतील तर त्या वहिनी कसल्या? चांगली बारा फूट लांब, सहा फूट रुंद टाकी झाली. आमचा हरिपद मिस्त्री खड्ड्यात उभा राहून म्हणाला, "बाबू, इसमें तो हम भाड़ा देके रहेगा!"

*

स्लॅबच्या दिवशी मी जेमतेम चहा प्यायला गेलो. परत येतो तो बापूसाहेब काँक्रीटमध्ये बादलीनं पाणी ओततायत!

"अहो, काय करताय?"

"किती घट्ट आहे ते! पसरणार कसं?"

"जास्त पाण्यानं ताकद जाते, बापूसाहेब!"

हरिपदनं फावड्यानं ते ढवळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबू, भात बसाइए. डाल हो गया." तो सगळा घाणा टाकून द्यावा लागला, आणि सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं!

*

स्लॅब ओतला की त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवायचं असतं. काँक्रीट पाणी पिऊनच मजबूत होतं. मी दोन दिवस दुसऱ्या साइटवर, बजबज गावाला गेलो होतो. येऊन वर चढलो, तर पाणी नाही. बांध फोडलेले, आणि कोरड्या स्लॅबवर धोतर पसरून कोहळ्याचे सांडगे!

"एवढं छान ऊन, आणि तुमच्या माणसांनी डबकी करून ठेवलीत!" वहिनी उलट मलाच ओरडल्या.

पुन्हा पाणी साठवलं. पण स्लॅब मधेच सुकल्यामुळे खालचे बांबूचे टेकू मुहूर्तानंतर आठ दिवस काढायचे नाहीत, असं मी बजावलं. बापूसाहेब मटकन विटांवर बसले. "म्हणजे बाराव्या क्वार्टरसाठी अर्ज करू?"

*

मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ आलं. सकाळी ऊन पडलं, पण अंगणात घोटाभर चिखल. खोल्यांत दीड-दीड फुटावर बांबू. तिथे होम पेटवायचा म्हटल्यावर मी हातच जोडले. ट्रंकांनी भरलेली लॉरी दारात उभी. क्वार्टरची किल्ली देऊन झालेली.

वहिनींनी चहूकडे पाहिलं आणि थेट टाकीकडे गेल्या. गिलावा झाला होता, पाइप मात्र आठ दिवसांनी, टेकू निघाल्यावर जोडायचा होता. वर पत्रे टाकले होते, म्हणून आत खडखडीत कोरडं.

"वहिनी, अहो..." मी म्हणालो.

"कोरी आहे ना? मग गप्प बसा!"

शिडी लागली, रांगोळी निघाली. गुरुजी उशिरा, घाईघाईनं आले आणि काही न विचारता खाली उतरले. धूर जायला एक पत्रा सरकवला. होम झाला, आहुत्या झाल्या. गुरुजी घाम पुसत भिंतींकडे पाहून खूश झाले.

"वा, बापूसाहेब! कलकत्त्यात असं तळघर कोण बांधतो? किती शांत, किती प्रसन्न! माझं ऐका, ही जागा कायम देवासाठीच ठेवा!"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हरिपदकडे पाहिलं. हरिपदनं वर आभाळाकडे पाहिलं.

वहिनींनी गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आठ दिवस तरी नक्की ठेवू, गुरुजी!"